कृषी पदविकेच्या मुलांसाठी नोकरीला उपयोगी पडेल असं सर्टिफिकेट तयार करायचं आहे. विषय कोणता घ्यावा, किती तासांचं ठेवावं, मान्यता कुणाची घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की पुण्याजवळच्या एका कृषी विद्यालयात शिकवता, दोन वर्षांच्या पदविकेबरोबर मुलांच्या हाती एखादं कामाचं प्रमाणपत्र द्यायचा विचार आहे आणि संस्थेने जूनपर्यंत आराखडा मागितलाय. विषय, तास आणि मान्यता हे तीन प्रश्न विचारलेत. मला मात्र तुम्ही न विचारलेल्या चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करायची आहे. परीक्षा कोण घेणार, आणि त्याला नापास करायची मुभा असणार का?

मी स्वतः पदविकेचीच. मावळात गुलाबाच्या पॉलिहाऊसवर काम करते, आज अडीच एकरांचं सगळं बघते, माणसंही मीच घेते. पदविका झाल्यावर २०११ मध्ये मी हरितगृह व्यवस्थापनाचं तीन महिन्यांचं प्रमाणपत्र घेतलं होतं. विशेष प्रावीण्य मिळालं. आईने ते काच लावून भिंतीवर टांगलं.

त्या वर्गात ईसी मीटर होतं, पण काचेच्या कपाटात. आम्ही तीस जणांनी ते कपाटाबाहेरून पाहिलं, वहीत चित्र काढलं, बाण काढून भागांना नावं दिली. कपाटाची किल्ली स्टोअरकीपरकडे असायची, आणि मीटर बिघडलं तर भरपाई त्याच्याकडून घेतली जाणार होती, म्हणून तो बिचारा ते कधी बाहेरच काढत नसे. तोंडी परीक्षेत मला विचारलं, ईसी म्हणजे काय? विद्युत वाहकता, पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप. पाचपैकी पाच गुण.

नोकरी लगेच मिळाली. वडील पाठवायला तयार नव्हते. मुलगी एकटी तळेगावला खोली करून राहणार, हे त्यांना पटत नव्हतं. शेवटी प्रमाणपत्राच्या वर्गाला शिकवणाऱ्या सरांनी स्वतः फोन केला, "पोरगी पहिली आलीय, पाठवा." वडिलांनी भिंतीवरच्या कागदाकडे बघितलं आणि हो म्हणाले. हे सांगतेय कारण पुढे याच गोष्टीवरून सरांनी मला निरुत्तर केलं होतं.

२०१२ चा जानेवारी. गुलाबवाल्यांना सांगायला नको, व्हॅलेंटाइनचा माल साधायचा तर डिसेंबरच्या मध्यावर कटिंग-बेंडिंग, म्हणजे फांद्या छाटणं आणि वाकवणं, उरकावं लागतं, मग जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या आठ-दहा तारखेपर्यंत दांडा निघतो. वर्षाचा हिशेब त्या पंधरा दिवसांवर बसतो. कोंब नुकते फुटले होते, वीतभर, तांबूस. मालक चार दिवसांसाठी गावी गेले आणि फर्टिगेशन, म्हणजे ठिबकच्या पाण्यातून खत सोडणं, माझ्यावर सोपवलं. खताच्या टाक्या दोन.

ए टाकीत कॅल्शियम नायट्रेट आणि लोह, बी टाकीत सल्फेट आणि फॉस्फेटवाली खतं. घट्ट द्रावणं एकत्र आली की कॅल्शियमचा गाळ बसतो आणि ड्रीपर तुंबतात. हे मला तोंडपाठ होतं आणि त्यात मी काही चुकले नाही. ड्रीपरखाली बाटली धरली, पाणी घेतलं, मीटर बुडवलं. १.१ आलं. आम्ही १.६ च्या आसपास ठेवायचो, म्हणून दोन्ही टाक्यांचा डोस सारखा वाढवला. दुसऱ्या दिवशी १.३. आणखी वाढवला. तिसऱ्या दिवशी १.५ आलं आणि मला बरं वाटलं. वहीत सुंदर अक्षरात नोंद केली.

मीटरच्या इलेक्ट्रोडवर क्षारांचा पांढुरका थर बसला होता. तो धुवायचा असतो, आणि १.४१३ च्या प्रमाण द्रावणात बुडवून मीटर खरं बोलतंय का हे आधी बघायचं असतं. पुस्तकात कॅलिब्रेशन हा शब्द होता. मी त्याची व्याख्यासुद्धा सांगितली असती. पण ते रोज सकाळी, तोंड धुतल्यासारखं, करायचं काम आहे हे मला माहीत नव्हतं.

आमच्याकडे बेडवर काम करणारे एक मामा होते, सातवीपर्यंत शिकलेले, पॉलिहाऊसचं प्लास्टिक पहिल्यांदा चढलं तेव्हापासूनचे. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. "पोरी, पाणी खारं झालंय. कोंब बघ." कोवळ्या पानांच्या कडा करपल्या होत्या, कुणी उदबत्ती टेकवत गेल्यासारख्या. ड्रीपरच्या तोंडाभोवती मिठाचं पांढरं कडं. मी म्हणाले, मामा, मीटर १.५ दाखवतंय. ते म्हणाले, "मीटरला पानं नाहीत."

मालक त्याच दिवशी आले. बाटली भरून शेजारच्या पॉलिहाऊसवर गेले आणि तिथल्या मीटरवर मोजलं. ३.१. लगेच खत बंद केलं, दोन दिवस नुसतं पाणी सोडून बेड धुतले. पण जे व्हायचं ते झालंच. त्या व्हॉल्व्हवर चौदा बेड होते. साठ सेंटीमीटरचा व्हायचा तो दांडा चाळिसावर थांबला, पानं कडेने तपकिरी. ग्रेडिंगच्या टेबलावर वीस-वीसचे बंच बांधताना मी स्वतः तो माल बाजूला काढत होते. निर्यातीच्या खोक्यात जायचा तो गुलटेकडीच्या फूलबाजारात गेला, मिळेल त्या भावाने.

मालक ओरडले नाहीत. पगारही कापला नाही. फक्त माझ्या प्रमाणपत्राची झेरॉक्स फाइलमधून काढली, टेबलावर ठेवली आणि विचारलं, "यावर सही कुणाची आहे?"

सही सरांची होती.

नंतर बरीच वर्षं मी हे सरांना सांगितलं नाही. २०१८ मध्ये त्यांचाच फोन आला. ते तोवर दुसऱ्या संस्थेत प्राचार्य झाले होते. तुम्हाला करायचंय तेच त्यांना करायचं होतं, पदविकेच्या मुलांसाठी पॉलिहाऊसचं प्रमाणपत्र, आणि अभ्यासक्रम मी बसवून द्यावा अशी त्यांची इच्छा होती. मी हो म्हणाले. अट एकच घातली, परीक्षा पॉलिहाऊसमध्ये होईल आणि ती मी घेईन.

त्या परीक्षेबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या आराखड्यात उचलण्यासारखं काही असेल तर ते हेच. पाच कामं ठेवली होती. पहिलं काम म्हणजे टेबलावर एक बाटली आणि मुद्दाम मळवलेलं मीटर. बाजूला प्रमाण द्रावण, साध्या पाण्याचा जार, मऊ कापड. सूचना एवढीच, की या पाण्याचा ईसी सांगा. ज्याने सरळ मीटर बुडवलं त्याचं ते काम तिथेच संपलं, मग आकडा काहीही येवो. दुसरं, ए आणि बी टाकी भरायची. खतांच्या गोण्या एकत्र ठेवलेल्या, कोणती कुठे जाते ते मुलाने ठरवायचं. तिसरं, फवारणी पंपाच्या नोझलमधून मिनिटाला किती पाणी पडतं ते मोजपात्रात धरून मोजायचं, त्यावरून दहा गुंठ्यांना किती टाक्या लागतील हे सांगायचं, आणि औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे, त्याचा अर्थ काय, हे डबा हातात घेऊन सांगायचं. लाल म्हणजे सर्वांत जहाल हे सगळ्यांना येतं. पिवळा, निळा, हिरवा यांचा क्रम पाठ नसतो. चौथं, पानाच्या मागे लाल कोळी ही बारीक कीड शोधायची, भिंग देऊन. पाचवं, वीस दांड्यांचा बंच बांधायचा, कळ्या एका रेषेत.

परीक्षक आम्ही दोघं होतो, मी आणि ते मामा. मामांना बसवायला संस्था तयार नव्हती. शैक्षणिक पात्रता काय लिहायची, असं ऑफिसने विचारलं. मी म्हटलं, लिहू नका, रकाना रिकामा सोडा.

बावीस मुलं बसली, आठ पास झाली. संध्याकाळी सरांचा फोन आला. ते माझ्यावर कधी चिडले नव्हते, त्या दिवशी चिडले. म्हणाले, पालक विचारतायत, पैसे घेतलेत मग कागद का नाही? चौदा मुलं नापास झाली तर पुढच्या वर्षी कोण प्रवेश घेईल? मी म्हटलं, तीन आठवड्यांनी पुन्हा घेऊ, तोपर्यंत मीटर त्यांच्या हातात द्या. दुसऱ्या खेपेला आणखी नऊ जण पास झाले. पाच राहिले.

तेव्हा मी सरांना चौदा बेडांची गोष्ट सांगितली, त्यांच्या सहीसकट. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांनी तुला कशाच्या जोरावर पाठवलं? त्या कागदाच्याच ना? मी तुला तेव्हा नापास केलं असतं तर तू आज कुठे असतीस?"

याचं उत्तर मला त्या दिवशी देता आलं नाही. कारण ते खरं आहे. खेड्यातल्या मुलीला घराबाहेर काढायला कागद लागतो. माझ्या वडिलांना ईसी कळत नव्हता, छापील अक्षर आणि शिक्का कळत होता. पण आज सात वर्षांनी मी सरांना उत्तर देते. कागदाने मला उंबरठ्याबाहेर काढलं, आणि पहिल्याच हंगामात मी पुन्हा घरी पाठवली जाणार होते. मालक दुसरे कुणी असते तर गेलेच असते, आणि वडिलांनी त्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीला कधी बाहेर पाठवलं नसतं. नापास केलं असतं तर तीन आठवड्यांनी पास झाले असते. सर, तीन आठवडेच लागले असते.

पुढच्या वर्षी त्या संस्थेने परीक्षा बदलली. पन्नास बहुपर्यायी प्रश्न, संगणकावर, पंचेचाळीस मिनिटं. सगळे पास. मला बोलावणं आलं नाही. त्या पाचांतली एक मुलगी मात्र दोन महिने दर रविवारी आमच्याकडे येत राहिली, तिसऱ्या खेपेला मी तिची परीक्षा घेतली आणि माझ्या लेटरहेडवर लिहून दिलं. त्या कागदाला सरकारदरबारी काही किंमत नाही. ती आज जुन्नरकडे एका रोपवाटिकेत सुपरवायझर आहे, आणि डिसेंबर लागला की फोन करते, "ताई, द्रावणाची बाटली गेल्या वर्षीची आहे, चालेल का?" मी दर वेळी सांगते, नवीन घे.

आता तुमचे प्रश्न.

विषय. तुमच्या विद्यालयापासून तासाभराच्या अंतरावर ज्या कामाला माणूस मिळत नाही, तो विषय घ्या. पुण्याच्या आसपास असाल तर पॉलिहाऊस, रोपवाटिका, ठिबक आणि फर्टिगेशन, पॅकहाऊसचं (माल निवडून खोक्यात भरायच्या जागेचं) काम, माती-पाणी तपासणी यातलं एक. एकच. 'कृषी उद्योजकता' किंवा 'सेंद्रिय शेती परिचय' असली नावं ठेवू नका. त्यात मुलाला नक्की काय करता येतं हे मला, म्हणजे नोकरी देणारीला, कळत नाही आणि मी ती ओळ वाचतसुद्धा नाही. पॅकहाऊस घेतलंत तर औषधांचे अवशेष आणि काढणीपूर्व कालावधी, म्हणजे शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस, यावर भर द्या. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे अडकली होती, नारायणगावच्या लोकांना आजही ते वर्ष आठवतं. तेव्हापासून बाग आणि फवारणीची वही नीट ठेवणारा मुलगा सोन्याच्या भावाने जातो. मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, मुलांना तिथे एकदा नाही, हंगामात दोनदा न्या.

ड्रोनचं प्रमाणपत्र स्वतः काढायच्या भानगडीत पडू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ते विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतूनच मिळतं, अठरा वर्षं पूर्ण आणि दहावी पास एवढी अट असते. मुलांना तिकडे पाठवा, फी कमी करून मागा. तसंच कृषी सेवा केंद्राचं. तिथे परवान्यासाठी शिक्षणाची अट कायद्यानेच घातलेली आहे, तुमच्या मुलांची पदविकाच तिथे कामाला येते. वर आणखी तुमचं प्रमाणपत्र कुणी बघणार नाही. दुकान आधीपासून चालवणाऱ्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेची 'देसी' ही वर्षभराची पदविका आहे, ती तुमच्या मुलांसाठी नाही.

मान्यता. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ पासून आहे, त्याच्या पातळ्यांत बसणारी कामं भारतीय कृषी कौशल्य परिषदेने लिहून ठेवलीत. हरितगृह चालक, सूक्ष्म सिंचन तंत्रज्ञ वगैरे. ती कागदपत्रं उतरवून घ्या आणि वाचा. कामाचे तुकडे त्यात चांगले पाडलेत, तेवढ्यासाठी ती उपयोगी आहेत. संलग्नता मिळाली तर घ्या, मुलांना पुढे सरकारी योजनेत उपयोग होतो. पण संलग्नता मिळेपर्यंत थांबू नका, आणि मिळाली म्हणून स्वतःची परीक्षा सोडू नका. बाहेरून आलेला परीक्षक एका दिवसात तीस मुलं तपासून संध्याकाळच्या गाडीने जातो. त्याच्याकडून मीटर धुतलं का हे बघण्याची अपेक्षा करू नये. तळेगाव दाभाडेला पणन मंडळाची काढणीपश्चात तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथलं पॉलिहाऊसचं प्रशिक्षण शेतकऱ्यांना अनुदानासाठी लागतं म्हणून गर्दी असते. तिथल्या लोकांशी बोलून तुमच्या मुलांची एक तुकडी घुसवता येते का बघा.

पदवीच्या मुलांचं थोडं वेगळं आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या सहाव्या अधिष्ठाता समितीने पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय ठेवलीय, दहा आठवड्यांच्या प्रत्यक्ष कामाच्या अटीवर. ते दहा आठवडे कुठे, कुणाच्या हाताखाली काढले यावर सगळं अवलंबून. तुमच्याकडे पदविका आहे, तरी ही दहा आठवड्यांची अट उचला. पदवी घेऊन स्वतःचं काही करायचं असलेल्यांसाठी कृषी चिकित्सालयाची केंद्राची योजना २००२ पासून आहे, पंचेचाळीस दिवसांचं निवासी प्रशिक्षण आणि पुढे कर्जावर ३६ टक्के, महिलांना ४४ टक्के अनुदान. पदविकाधारकही त्यात बसतात, मुलींना हे आवर्जून सांगा, कुणी सांगत नाही.

तास किती, याला माझ्याकडे आकडा नाही. मुलाच्या हातात मीटर किती वेळा आलं ते मोजा. आमच्याकडे मी नव्या माणसाला तीस सकाळी सलग मोजायला लावते, मग एकटं सोडते.

खर्चाचं म्हणाल तर उद्घाटन, बॅनर, शाल-श्रीफळ यातून पैसे वाचवा आणि सहा मीटर घ्या. एक नव्हे, सहा. चार मुलांमागे एक. आणि ती भांडाराच्या यादीत 'खर्ची पडणारी वस्तू' म्हणून दाखवा, म्हणजे बिघडलं तर कुणाच्या पगारावर येणार नाही आणि कपाटाला कुलूप लागणार नाही. लेखापाल कुरकुर करेल. त्याला समजावून सांगा, माझ्या चौदा बेडांची गोष्ट हवी तर वाचायला द्या.

एक गोष्ट कबूल करते. मला फक्त फुलांचं पॉलिहाऊस कळतं. दूध, कुक्कुटपालन, ट्रॅक्टर-अवजारं यात पाच कामं कोणती असावीत हे त्या धंद्यातल्या माणसालाच विचारा. आणि पहिल्या वर्षी बावीसपैकी चौदा नापास होण्यात माझाही दोष होता. मुलांना शिकवलं संस्थेने, परीक्षा मी घेतली, मधे आमचं बोलणंच झालं नव्हतं. मी सुरुवातीपासून दर पंधरा दिवसांनी गेले असते तर निम्मे तरी आणखी पास झाले असते. तुम्ही ज्याला परीक्षक करणार त्याला पहिल्या दिवसापासून वर्गात आणा. फी घेताना पालकांना लेखी सांगा की परीक्षेत नापास होता येतं आणि पुन्हा बसायचे पैसे लागणार नाहीत. सरांना पालकांचे जे फोन आले ते यामुळे टळले असते, हे मला आता कळतं.

तुमचं विद्यालय मावळ, मुळशी, खेड कुठेही असलं तरी मी परीक्षेला येईन, मानधन नको. मामा आता थकलेत, पण विचारलं तर तेही येतील. परीक्षा मार्च-एप्रिलात ठेवा, फेब्रुवारी संपेपर्यंत आम्हाला मान वर करायला वेळ नसतो. आणि आराखड्यात एक ओळ आत्ताच घाला, परीक्षकाने नापास केलेल्या मुलाचा निकाल प्राचार्यांना बदलता येणार नाही. त्या ओळीवर प्राचार्यांची सही झाली की मला कळवा.